नानांचं अनुमोदन

माशाला 'अहो' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. यशवंत आगाशे. लंडनजवळच्या स्लाऊमधली आणि आसपासची मराठी मंडळी त्यांना नाना म्हणत आणि मीही म्हणायचो. आता जीभ जरा अडते, पण दुसरं काही म्हणायची सवय नाही, म्हणून नानाच म्हणतो. ज्या तळ्यावर मी माझे कितीतरी हिवाळे काढले ते तळं मला या माणसाने मिळवून दिलं. आणि याच माणसाने ते माझ्याकडून, आणि माझ्यापेक्षा जास्त सुनंदाताई कामतांकडून, काढून घेतलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांचं कौतुक करणार आहे आणि ते करताना माझा मलाच राग येणार आहे.

नाना मूळचे वाईचे. लहानपणी कृष्णेच्या घाटावर बसून माशांना कणकेच्या गोळ्या घालणं हा त्यांचा रोजचा उद्योग. त्या माशांना कोणी धरत नसे. इंग्लंडमध्ये आल्यावर विमानतळावर सामान वाहणाऱ्या पट्ट्यांच्या देखभालीत त्यांची सगळी नोकरी गेली, पण खाणं वाईचंच राहिलं. केक पुढे आला की आधी अंड्याची चौकशी, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा. रिटायर होण्याच्या सुमारास कामावरच्या एका गोऱ्या मित्राने त्यांना कालव्यावर नेलं. इथे ज्याला कोर्स फिशिंग म्हणतात तो प्रकार नानांनी तिथे पहिल्यांदा पाहिला. गोड्या पाण्यातला मासा गळाने धरायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. नाना घरी आले ते भारावूनच. "इतकी वर्षं मला वाटायचं, माशाला पाण्यातून काढलं की पुढे कढईच," असं ते नंतर सांगायचे.

लगेच आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. 'गोड्या पाण्यातील मासे धरण्यासाठी मंडळ स्थापन करीत आहे. मासे खावयास मिळणार नाहीत. इच्छुकांनी रविवारी सकाळी यावे. वेळ पाळावी.' खाली अंगठे आणि हसरे चेहरे भरपूर पडले. प्रत्यक्षात गेलो मी आणि हॅरोचं कामत जोडपं. मी ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कंपनीत कॉम्प्युटरची कामं करायचो आणि रविवारी काय करावं हे मला कळत नसे. मोहनराव कामत मूळचे कारवारचे, अकाउंटंट, माशांवर मनापासून प्रेम करणारे, पण ताटातल्या. आणि सुनंदाताई आल्या होत्या त्या नवऱ्याने पाण्यात पडू नये म्हणून.

त्या दिवशी पहिला मासा मोहनरावांनाच लागला. चांगला ढोबळा कार्प. मोहनरावांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

"आता सोडा," नाना म्हणाले.

"कुठे?"

"पाण्यात."

मोहनरावांनी बायकोकडे पाहिलं. "सुनंदा, हे शाकाहारी लोक आपल्याकडून काय करून घेतायत बघ."

"सोडा हो," सुनंदाताई म्हणाल्या. "तसाही चिखलाचा वास येतोय त्याला."

मोहनरावांनी मासा सोडला आणि बराच वेळ रिकाम्या हातांकडे बघत बसले. पुढच्या रविवारी मात्र ते आमच्या सगळ्यांच्या आधी येऊन उभे होते.

आमच्या क्लबचं नाव 'गळ मंडळ'. स्लाऊच्या पलीकडे मोटरवेजवळ खडीच्या जुन्या खाणीत पाणी साचून झालेलं एक तळं होतं. मालक टेरी नावाचा शेतकरी. नानांनी त्याच्या किचनमध्ये बसून, त्याच्या बायकोच्या हातचा चहा पिऊन, ते तळं आमच्या मंडळासाठी भाड्याने मिळवलं. डोक्यावरून विमानं जायची, मागे मोटरवेची घरघर, आणि मध्ये हे हिरवट, मुकं पाणी. हळूहळू माणसं वाढली. क्रॉयडनहून दोन ट्रेन बदलून येणारेसुद्धा होते. कोणी ढोकळा आणायचं, कोणी मुलं आणायचं, कोणी जावयाची तक्रार आणायचं. नानांचं कशातच लक्ष नसे. ते कारण नसताना आपल्या दोऱ्याकडे बघत राहत.

नानांच्या सवयी सांगायला लागलो तर रात्र पुरायची नाही. बसायला विकतची खुर्ची नको, उपडी बादली आणि तिच्यावर घडी घातलेली सोलापुरी चादर. मासा लागला की सूचना देणारं बॅटरीवरचं यंत्र इथे सगळे वापरतात, ते टीं टीं करतं म्हणून नानांना खपत नसे. त्यांनी मुलीच्या कथ्थकच्या चाळातली दोन घुंगरं काढून दोऱ्याला बांधली होती. धुक्यात कुठेतरी छुम् असं वाजलं की आम्ही सगळे गप्प व्हायचो. गळाला लावायचं आमिष घरी तिंबलेलं. कणीक, थोडा गूळ आणि भरपूर हिंग. गोरे लोक दुकानातून रंगीत गोळ्या आणतात, त्यांना स्ट्रॉबेरीचा वास असतो. नानांचं मत असं की थंडीत माशाला भूक नसते, त्याला आधी पचनाचं औषध दिलं पाहिजे. मत खरं की खोटं माहीत नाही, पण हिवाळ्यात शेजारच्या तळ्यांवर शुकशुकाट असताना आमच्याकडे घुंगरं वाजायची.

हिवाळा हा नानांचा खरा सीझन. उन्हाळ्यात कार्प कोणालाही मिळतो असं ते तुच्छतेने म्हणत. जानेवारीत पाणी इतकं गार होतं की मासे एका कोपऱ्यात जमून जवळजवळ झोपतात. तो कोपरा सापडला तर सापडला, नाहीतर दिवसभर थर्मासमधला चहा पिऊन घरी. नाना अशा सकाळी गळाची काठी गाडीतच ठेवत आणि तळ्याभोवती नुसते चालत. कुठे बुडबुडा येतो, कुठे पाणकोंबड्या वळतात, कुठल्या काठाला आधी ऊन लागतं. कंटाळून आम्ही दोरे टाकायला लागलो की म्हणायचे, "घाई कसली आहे? ते कुठे ऑफिसला चाललेत?" आणि मग बोट दाखवायचे त्या वाकलेल्या विलोच्या झाडाखाली, पायवाटेच्या कुंपणाजवळ. बहुतेक वेळा तिथेच मासे असायचे.

नियम दोन. पहिला म्हणजे माशाला हात लावण्याआधी हात त्या बर्फासारख्या पाण्यात बुडवायचे, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो आजारी पडतो. "पाहुण्याला कोरडा हात लावायचा नाही," असं नाना म्हणत आणि स्वतः आधी बुडवत. दुसरा नियम जाळ्याचा. मोठा मासा एकट्याने बाहेर काढणं कठीण, कोणीतरी दुसऱ्याने हातजाळं घेऊन त्याच्याखाली धरावं लागतं. ज्याला मासा लागेल त्याने "जाळं" अशी हाक मारायची, आणि जो जवळ असेल त्याने हातातलं सगळं टाकून "आलो" म्हणत धावायचं. स्वतःच्या दोऱ्याला मासा असला तरी. हा नियम नानांचा. आणि नानांचं जाळं बहुतेक वेळा मीच धरलं आहे.

मासा जवळ आला की सुरू व्हायचं ते संभाषण. "या, या. फार दिवसांनी येणं केलंत. दमलात का? बसा जरा." तळ्यात एक जुनी, मोठी कार्प होती, अंगावर मोजकेच मोठे खवले. वर्षातून एकदा यायची, सगळ्यांकडे वटारून बघायची आणि निघून जायची, म्हणून तिचं नाव आत्याबाई. तिला चटईवर ठेवून नाना म्हणाले होते, "अहो आत्याबाई, प्रकृती उतरली तुमची. हिंग लागतंय ना पोटाला?" मी जाळं धरून हसत होतो. आज आठवलं की हसूच येतं आधी, हीच तर पंचाईत आहे.

मंडळ म्हटलं की सभा आली. आमची वार्षिक सभा संक्रांतीच्या जवळच्या रविवारी, तळ्याच्या काठावर. तिळगूळ, मग इतिवृत्त, मग ठराव. सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं रीतसर. नाना अध्यक्ष. पहिल्याच सभेत मी सुचवलं होतं की टेरीबरोबरच्या करारावर अजून एका माणसाची सही असावी, इथे बहुतेक क्लबांत तशीच पद्धत असते. मोहनरावांनी मला कोपराने ढोसलं. "अरे, नानांच्या सहीला जोडसही? त्यांना काय वाटेल?" सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांनी चष्मा पुसला. विषय तिथेच मिटला. आपल्या माणसाला हिशोब विचारणं, कागद दाखवा म्हणणं, हे आपल्यात अपमानासारखं वाटतं. वयाने मोठा माणूस पुढे बसला की आपण चपला काढाव्यात तसे प्रश्न दाराबाहेर ठेवतो. पुढे सगळं झालं ते यातूनच झालं.

मग मोहनराव गेले. सकाळी चहा पिताना, कोणाला काही कळायच्या आत. त्यानंतरच्या हिवाळ्यात सुनंदाताई एकट्या गाडी चालवत तळ्यावर आल्या. मोहनरावांची काठी बरोबर होती, पण त्यांनी ती उघडली नाही. मोहनराव जिथे बसायचे तिथे, पलीकडच्या काठावर, फोल्डिंगची खुर्ची टाकून त्या दुपारपर्यंत बसल्या. मग दर रविवारी येऊ लागल्या. त्या मला एकदा म्हणाल्या, "घरात सगळीकडे ते नाहीत हे दिसतं रे शेखर. इथे काय, इथे ते नेहमीच गप्प असायचे. त्यामुळे इथे तितकंसं कळत नाही."

हे नानांनीही ऐकलं. ते बादलीवरून उठले, गुडघ्यांवर हात ठेवत त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "वहिनी, मी आहे तोवर ही जागा तुमची. इथे दुसरं कोणी बसणार नाही." तेव्हापासून नवीन कोणी तिकडे काठी घेऊन गेला की नाना लांबूनच हात हलवून त्याला उठवायचे. मला तेव्हा वाटलं होतं, माणूस असावा तर असा.

त्यानंतरच्या संक्रांतीची सभा. गवतावर दव गोठलेलं, सगळ्यांच्या तोंडातून वाफा. सुनंदाताईंनी तिळाच्या वड्या केल्या होत्या. नानांनी डबा हातात घेऊन सगळ्यांना स्वतः वाटल्या. मग सुनंदाताईंनी चाचरत विषय काढला. मोहनरावांच्या जागेवर एक लाकडी बाक बसवावा, त्यांना तो स्वतः करून घ्यायचा आहे, मंडळाने फक्त परवानगी द्यावी. मी सूचक झालो. अनुमोदक कोण, असं विचारायच्या आतच नानांनी हात वर केला. "अनुमोदन," ते म्हणाले. त्यांच्या मिशीला तीळ चिकटला होता. सुनंदाताईंनी डोळे पुसले आणि आम्ही सगळ्यांनी हातमोज्यांतून टाळ्या वाजवल्या.

एप्रिलच्या सुरुवातीला मी आणि सुनंदाताई बाकासाठी जागेचं माप घ्यायला गेलो. फाटकाला नवीन कुलूप. माझी किल्ली चालेना. शेजारी नवी पाटी होती, सिंडिकेटची. सिंडिकेट म्हणजे निवडक सभासदांचा खाजगी गट, बाकीच्यांना आत प्रवेश नाही. सुनंदाताई मेजरिंग टेप हातात धरून उभ्या होत्या. "आपण चुकीच्या फाटकाला आलोय का?" त्या म्हणाल्या. तेवढ्यात टेरी त्याची पिकअप घेऊन आला आणि आम्हाला बघून त्यालाच आश्चर्य वाटलं. त्याने सांगितलं की करार मार्चअखेर संपला. पुढे चालू ठेवायचा का हे त्याने ऑक्टोबरमध्येच विचारलं होतं. आमचे अध्यक्ष म्हणाले, नको. मंडळी वयस्कर झाली, आता कोणाला फारसा रस नाही. मग जी सिंडिकेट आली तिला अध्यक्षांनीच तळ्याची सगळी माहिती दिली, मासे हिवाळ्यात कुठे असतात तेसुद्धा. त्या बदल्यात एक सभासदत्व त्यांच्यासाठी राखलं. "नाइस ओल्ड चॅप," टेरी म्हणाला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

ऑक्टोबर. आणि अनुमोदन जानेवारीत. मी मनातल्या मनात हे महिने पुन्हा पुन्हा लावून बघत होतो, की कुठेतरी आपली गफलत होत असेल. सुनंदाताईंनी टेपचं बटण दाबलं, पट्टी सर्रकन आत गेली. "चल," त्या म्हणाल्या. "मला हॅरोला ट्रॅफिक लागेल."

मी तसाच नानांच्या घरी गेलो. ते किचनमध्ये परातीत कणीक तिंबत होते. सगळ्या घरात हिंगाचा वास. मला बघून दचकले नाहीत, "ये, बस," म्हणाले.

"नाना, तळ्याचं खरं आहे का?"

"हो."

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं नाही." त्यांनी हाताची कणीक बोटाने निपटली. "हे बघ शेखर, मी पंधरा वेळा सांगितलं असेल, काठावर बोलू नका. तुम्ही लोक गप्पा मारायला येता. ढोकळा काय, मुलं काय, त्या देशपांडेच्या जावयाची कोर्टकेस काय. मला शांतता पाहिजे होती. माझी किती वर्षं उरलीत? ती लोकं बघ, दिवसभर एक शब्द बोलत नाहीत."

"मंडळ तुम्ही काढलंत, नाना."

"तेव्हा एकट्याला तळं परवडत नव्हतं," ते म्हणाले. अगदी सरळ. जणू मी भाजीचा भाव विचारला होता. आम्ही त्यांचे कोण होतो हे मला त्या क्षणी कळलं.

"आणि सुनंदाताईंची जागा? बाक? तुम्ही अनुमोदन दिलंत."

परातीवर ओलं फडकं घातलं. "त्या रडत होत्या," ते म्हणाले. "त्या वेळी नाही कसं म्हणायचं? सणाचा दिवस होता." मग थोड्या वेळाने, "तशा त्या काही मासे धरत नाहीत. नुसत्या बसतात. सिंडिकेटमध्ये नुसतं बसायला देत नाहीत."

मी उठलो. दारापर्यंत पोचवायला ते आले, चपला सरळ करून दिल्या, "सावकाश जा," म्हणाले. सगळं नेहमीसारखं. मला त्यांना काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलायचं होतं, पण इतकी वर्षं 'अहो नाना' म्हटल्यावर तोंडात ते शब्दच तयार होत नाहीत. गाडीत बसून मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मला फसवलं गेल्याचं दुःख होतंच. पण माझा राग होता तो त्या बाईच्या डोळे पुसणाऱ्या हातांसाठी.

मंडळ तिथेच संपलं. दुसरं तळं शोधू या असं दोन-तीन वेळा ग्रुपवर आलं, मग सुविचार आणि लग्नाचे वाढदिवस सुरू झाले. बाक तयार झाला तो सुनंदाताईंच्या हॅरोच्या घरी आला. मागच्या अंगणात कुंपणाकडे तोंड करून ठेवला आहे. कुंपणापलीकडे शेजाऱ्याची शेड. त्या त्याच्यावर बसत नाहीत. कुंड्या ठेवतात.

यंदाच्या संक्रांतीला त्यांनी माझ्याकडे तिळाच्या वड्यांचे दोन डबे दिले. "एक तुझा," त्या म्हणाल्या. "दुसरा जमलं तर नानांना दे. नाही दिलास तरी चालेल. पण मी केल्या आहेत त्यांच्या नावाच्या, एवढं त्यांना कळू दे." मला हे अजिबात पटलं नव्हतं. पण त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही.

नाना कुठे असतील हे मला पक्कं माहीत होतं. तळ्याच्या एका बाजूने सार्वजनिक पायवाट जाते, कुंपणाला लागून. मी त्या वाटेने गेलो. पाण्यावर धुकं होतं आणि विलोखाली नाना बसलेले, उपडी बादली, सोलापुरी चादर, कानांवरून मफलर. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर, मध्ये जाळीचं कुंपण. ते माझ्याकडे पाठ करून होते. बारीक झाले होते. डबा जाळीवरून देता आला असता. मी हाक मारणार, तेवढ्यात घुंगरं वाजली.

नाना उठले. काठी एकदम वाकली, मासा मोठा होता. आत्याबाईच असावी, कारण ती उगाच घाई करत नसे, नुसती वजन टाकून खाली बसायची. त्यांनी मासा काठापर्यंत आणला, एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने हातजाळं ओढायला गेले, ते गवतात अडकलं. आणि त्यांनी मान वर करून हाक मारली.

"जाळं!"

त्या तळ्यावर हा शब्द समजणारं आता कोणी नव्हतं. पण माझ्या तोंडून "आलो" निघून गेलं, मोठ्याने, आणि मी जाळीवर जाऊन आदळलो. डबा हातातून पडला.

नानांनी वळून पाहिलं. आमची नजरानजर झाली. चांगली झाली, मला यात शंका नाही. त्यांचं तोंड किंचित उघडलं. तेवढ्यात दोरा सैल पडला. मासा गेला होता.

शेजारच्या जागेवरून हिरव्या जाकिटातला एक माणूस पुढे आला. "यू ऑल राइट, यश? हू वर यू शाउटिंग टू?"

नाना माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी पाठ फिरवली आणि दोरा गुंडाळायला सुरुवात केली.

"नो वन," ते म्हणाले. "जस्ट टॉकिंग टू द फिश."

तो माणूस हसला आणि आपल्या जागेवर गेला. मी खाली वाकून डबा उचलला. झाकण उघडलं नव्हतं. नाना पुन्हा बादलीवर बसले होते, मफलर नीट करत होते, आणि त्यांनी परत एकदाही मागे पाहिलं नाही. मी बराच वेळ उभा राहिलो, मग पाय गार पडले म्हणून निघालो.

संध्याकाळी सुनंदाताईंचा फोन आला. "भेटले का रे नाना?"

"भेटले," मी म्हटलं.

"काही बोलले?"

"माशाशी बोलत होते."

मग म्हणाल्या, "तो डबा तूच खाऊन टाक."